आमच्या घरात अंडं आलं

"आई, सर म्हणले, काकडीला मीठ आधी लावलं की पाणी सुटतं ना, ते ऑस्मोसिसमुळं."

मी तेव्हा कोशिंबिरीसाठी काकडीच कोचवत होते. हात थांबला.

"हे सर म्हणले?"

"हो. लय भारी समजून सांगतात. एकदम डोक्यात बसतं."

आता ऐका. मी एम.एस्सी. बॉटनी. पूर्णेच्या एका ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवते, आणि ऑस्मोसिस हा माझा हातखंडा धडा. पेशीभोवती पातळ पडदा असतो, तो पाण्याला जाऊ देतो आणि साखर-मिठाला अडवतो, मग जिकडं मीठ जास्त तिकडं पाणी ओढलं जातं. हे मी झोपेतसुद्धा सांगीन. आणि काकडीचं म्हणाल तर ही पोरगी एवढीशी होती, ओट्यावर बसून काकडीचे तुकडे पळवायची, तेव्हाच तिला सांगितलं होतं मी. तेव्हा काही डोक्यात बसलं नाही. परभणीच्या सरांनी सांगितलं आणि बसलं! मी कोशिंबिरीत मीठ जरा जास्तच टाकलं त्या दिवशी.

आमच्याकडं आता रीतच पडलीय. ॲडमिशन गावातल्या कॉलेजात आणि शिकायला परभणीच्या क्लासला. माझ्या पोरीचंही नाव माझ्याच कॉलेजात, पण सकाळी गाडीनं परभणीला जायचं आणि संध्याकाळी यायचं. बारावीचं वर्ष, पुढं डॉक्टरकीची नीट परीक्षा, म्हणून मीच हो म्हणले होते. पण हो म्हणताना असं वाटलं नव्हतं की घरात उठता-बसता "सर म्हणले" ऐकावं लागेल. सर म्हणले रात्री जागू नका. सर म्हणले भिजवलेले बदाम खा. मी वर्षभर बदाम भिजवून द्यायचे, ते वाटीतच बुरशी येऊन पडायचे. मला त्या माणसाचा इतका राग यायचा की विचारू नका. मी त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं. राग कसला, हेवाच तो. माझी पोरगी, माझा विषय, आणि शिकणार दुसऱ्याकडून!

"घर की मुर्गी दाल बराबर," नवरा म्हणाला. तो रेल्वेच्या ऑफिसात क्लार्क आहे, त्याला सगळं सोपं वाटतं.

"गप बसा तुमी," मी म्हणले.

मग एक दिवस ती आली ती उड्या मारतच. सरांनी पडद्यावर व्हिडिओ दाखवला होता. अंडं व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवलं की वरचं टरफल विरघळून जातं आणि आत उरतो नुसता पडदा. ते अंडं पाण्यात ठेवलं की टम्म फुगतं, साखरेच्या पाकात ठेवलं की सुकतं.

"तू बटाट्यावरच दाखवतेस ना?" ती म्हणली.

झालं! बटाटा कोरायचा, आत साखरेचं पाणी भरायचं, टाचणी टोचून खूण करायची आणि पाणी कसं चढतं ते दाखवायचं. एवढी वर्षं माझ्या वर्गातली पोरं त्याच्यावर खूश होती. आता बटाटासुद्धा मागासलेला ठरला. आणि मी अंडं का आणत नव्हते, हे हिला माहीत नाही का? सासरे देवळातली पूजा करतात. आमच्या घरात अंडं कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही, माझ्या माहेरीही नाही.

"सरांनी खरं अंडं दाखवलं का?" मी विचारलं.

"नाही, एवढ्या पोरांत कुठून दाखवतील? व्हिडिओच होता."

बस्स. मी ठरवलं. त्यांनी व्हिडिओ दाखवला, मी खरं दाखवीन. बघू मग कोण भारी.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येताना स्टेशनाकडच्या एका अंड्यांच्या हातगाडीवर गेले. पदर डोक्यावरून घेतला होता, कुणी ओळखू नये म्हणून. गाडीवाल्यानं विचारलं, "बाई, मीठ-मिरची लावून दिऊ का?" मला वाटलं, अंड्याबरोबर देत असतील, भाजीवाले मिरची-कोथिंबीर देतात तशी. "नको, टरफलासकट द्या," म्हणले. हाताला गरम लागली. म्हणले, उन्हात ठेवली असतील. पर्समध्ये घालून आणली, गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं काचेच्या बरणीत व्हिनेगर ओतलं आणि अंडी सोडली. वर पालथं घमेलं. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, ते गच्चीवर येत नाहीत, एवढं एक बरं.

टरफल गेलं, अगदी पोरीनं सांगितलं होतं तसं. पण पाण्यात टाकलं तर अंडं ढिम्म. फुगेना. पाकात टाकलं तर सुकेना. पोरगी क्लासला गेली की मी वर, आली की मी खाली. डोकं चालेना. शेवटी नवऱ्याला वर नेलं. त्यानं बरणीत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "अगं, हे उकडलेलंय!"

"तुम्हाला कसं कळलं?"

तो टाकीकडं बघायला लागला.

"कधीपासून खाता?"

"ऑफिसात... कधीमधी," तो म्हणाला. "ऑम्लेटच फक्त."

त्याच्यावर चिडायला मला तेव्हा सवड नव्हती. "मग जा," म्हणले, "कच्ची घेऊन या." आणि काय सांगू, इतक्या सराईतपणे घेऊन आला, कागदात गुंडाळून, एकाला तडा नाही.

या वेळी मात्र जमलं. पाण्यातलं अंडं असं फुगलं की उजेडात धरलं तर आतला बलक डुलताना दिसत होता. पाकातलं चेपलं होतं, सुरकुतलं होतं. मी पोरीला वर बोलावलं. ती बघतच राहिली. हळूच बोट लावलं, मागं घेतलं, परत लावलं.

"आई! हे तू केलंस? घरात?"

मला असं भरून आलं. पाणी कुठून कुठं गेलं, साखरेला पडदा का अडवतो, मी सगळं सांगितलं. ती ऐकत होती. तिथंच गच्चीवर बसून, हनुवटी गुडघ्यावर टेकवून. कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडून काहीतरी शिकत होती, आणि मला वाटलं, जिंकले मी.

आणि मग ती म्हणली, "मी हे सरांना दाखवायला नेऊ?"

तळपायाची आग मस्तकाला गेली. पण नाही कसं म्हणायचं? स्टीलच्या डब्यात ओलं फडकं घालून फुगलेलं अंडं दिलं. म्हणले, जाऊ दे, त्या माणसालाही कळू दे की पूर्णेत कोण शिकवतं.

संध्याकाळी मी तिला आणायला स्टेशनावर गेले. एरवी जात नाही. ती उतरली, डबा रिकामा.

"सरांनी ठेवून घेतलं. सगळ्या बॅचला दाखवलं!"

"मग? कुणी केलं म्हणून सांगितलंस?"

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळायला लागली. "मीच केलं म्हणले."

"तू?"

"आई, सरांना माहीत नाही तू बायॉलॉजी शिकवतेस ते. आई काय करते विचारलं होतं, तर घरीच असते म्हणून सांगितलं मी."

मी तिथंच उभी राहिले. गाडी निघून गेली, माणसं पांगली. मी म्हणले, "लाज वाटते का माझी?"

"लाज कशाला वाटंल? पहिलीपासून बघायलीस ना तू? मार्क चांगले पडले की म्हणतात, आई मॅडम आहे, पडणारच. कमी पडले की म्हणतात, मॅडमची पोरगी असून? परभणीत कुणालाच माहीत नाही. तिथं पडलेले मार्क माझे असतात, आई."

ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. मला राग यायला हवा होता, आणि येतही होता, पण कुणावर ते ठरेना.

चार-आठ दिवसांनी आम्ही जेवायला बसलो होतो, तेव्हा फोन आला. सरांचाच. पोरगी ताटावर थांबली, घास हातातच.

"ताई, अभिनंदन. तुमच्या मुलीनं अंड्याचा काय सुंदर प्रयोग करून आणला! घरात कुणी सायन्सचं आहे का?"

पोरगी माझ्याकडं बघत होती. नवराही.

"नाही हो सर," मी म्हणले. "मी घरीच असते. तिनं तिचंच केलं सगळं."

"वा! मग तुम्हाला सांगतो ताई, ते अंडं फुगलं कसं," सर म्हणाले, आणि त्यांनी मला ऑस्मोसिस समजावून सांगायला सुरुवात केली. अंड्याभोवती एक पडदा असतो बघा, कापडासारखा. पाणी त्यातून नुसतं आत जातं, बाहेर काही येत नाही. माझ्या जिभेवर आलं होतं, अहो, पाणी दोन्हीकडून जा-ये करत असतं, आत जाणारं जास्त असतं एवढंच. वर्गात हे चुकलं तर मी मार्क कापते. मी जीभ दाताखाली धरली. हो का, म्हणले. अगं बाई, म्हणले. समोर माझी पोरगी श्वास रोखून बसली होती.

"कळलं ना ताई?"

"किती सोपं करून सांगता हो सर तुमी," मी म्हणले.