तिनं ‘हव’ म्हटल्याशिवाय

क्रँक टांगला की माझी बायको डोळे मिटायची. इंजिनातला तो जड, वाकडातिकडा दांडा मी एका टोकाला दोर बांधून अधांतरी लटकवायचो. ती पुसून कोरडा करायची, लहान हातोडीनं एकदाच ठोकायची आणि आवाज विरेपर्यंत श्वाससुद्धा सोडायची नाही. घंटेसारखा लांबला तर म्हणायची, “हव.” आमच्या छत्तीसगढीत हव म्हणजे हो. आवाज भद्द आला तर बोलायचीच नाही, हातोडी खाली ठेवायची. मग समजायचं, आत कुठंतरी तडा आहे. तिच्या ‘हव’शिवाय आमच्या दुकानातून एकही क्रँक इंजिनात गेला नाही. रायपूरच्या गुढियारीतले ट्रकवाले तिला हववाली भाभी म्हणत आणि मला हववाली भाभीचा नवरा. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगायची.

हा कान तिला बापाकडून मिळाला. माझे सासरे गोंदियाला रेल्वेत होते. गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांची चाकं ठोकत जायचे, आवाजावरून तडा ओळखायचे. ही पोरगी त्यांच्या मागं मागं फिरून मोठी झाली. लग्न होऊन रायपूरला आली ती सवय घेऊनच. माझ्या आईनं हौसेनं आणलेला माठ तिनं बोटानं वाजवला आणि त्याच पावली परत पाठवला. आई म्हणाली, “कोनाची पोट्टी आनली रे बापा ही!” माठ फुटका होता की नव्हता, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यानंतर आई भाजीवाल्याकडं भोपळा घ्यायलाही हिलाच न्यायची.

तिचं एक बोलणं ठरलेलं होतं. “बसलं म्हंजे जमलं नाई.” कोणी दुसऱ्याच मॉडेलचा पार्ट आणून ‘बरोबर बसतो’ म्हणाला की ती हे ऐकवायची. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका पोरींची स्थळं घेऊन यायच्या, त्यांनाही हेच.

आम्ही ट्रक-ट्रॅक्टरवाले. एकदा पंडरी बाजारातले एक कापडवाले शेटजी आपली लाल, दोन दरवाज्यांची स्पोर्ट्स कार टोचन करून, ट्रकमागं ओढत घेऊन आले. वडिलांनी घेतलेली गाडी. क्रँक मधोमध तुटलेला. शेटजींनी त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा क्रँक कुठूनतरी मिळवला होता. मी मापं घेतली, मापं जुळली. टांगला, तिनं ठोकला, घंटेसारखा वाजला. पण ‘हव’ आलं नाही. ती जुन्या फ्लायव्हीलजवळ जाऊन बसली आणि ते जड चाक हातानं हलवून पाहू लागली.

“अजी, हे एका बाजूनं जड काहून हाय?”

मी सांगितलं, काही इंजिनांत क्रँकचा तोल फ्लायव्हील आणि पुढची पुली मिळून सांभाळतात. त्यासाठी मुद्दामच जड ठेवतात.

“मंग हे तर मेलेल्या क्रँकच्या जोडीचं हाय. या नव्याच्या जोडीचं कुठी हाय?”

शेटजी हसले. “भाभीजी, फिट तो हो रहा है ना?”

“शेटजी, एका साडीचा पदर दुसऱ्या साडीले जोडून इकता काय तुमी?”

शेटजींचं तोंड उतरलं. सडकेपलीकडच्या गॅरेजवाल्यानं दोन दिवसांत गाडी देतो म्हटलं आहे, असं बोलले. आमच्या दुकानात आलेली ती पहिली स्पोर्ट्स कार होती. ती पलीकडं गेली असती, तर साऱ्या गुढियारीनं आमच्यावर हसून घेतलं असतं. पण ट्रक धिम्या चालीचा, थोडी थरथर सोसतो. हिचं इंजिन त्याच्या दुप्पट-तिप्पट वेगानं फिरणार. तोल चुकला की बेअरिंग खाणार, मग क्रँकच तोडणार, तेही चालत्या गाडीत. मी बायकोकडं पाहिलं आणि पाना खाली ठेवला. म्हटलं, “शेटजी, जोडी आणा. नाहीतर गाडी घेऊन जा.”

शेटजी रागानं गेले. गाडी मात्र नेली नाही. ताडपत्रीखाली ती तशीच उभी राहिली.

जोडीचं फ्लायव्हील आणि पुली घेऊन ते परत आले तेव्हा बायकोनं अंथरूण धरलं होतं. मी म्हटलं, क्रँक तू ऐकलेलाच आहे, आता बसवतो. तर म्हणे, “इतके दिवस पडून हाय. कोनं पाडला असन तं?” मग ठेल्यावर घालून क्रँक घरी आणला. लेकीच्या पाळण्याची कडी छताला होती, तिला टांगला. तिनं पडल्या पडल्या ठोकला. हातात जोर नव्हता, तरी आवाज साऱ्या खोलीत फिरला. तिनं हातोडी शेटजींच्या हातात दिली.

“आता तुमी आइका. तुमची गाडी हाय.”

शेटजींनी ठोकलं आणि डोळे मिटून घेतले. आवाज विरला तशी ती म्हणाली, “हव.”

गाडी चालू झाली तेव्हा ऐकायला ती नव्हती. शेटजी आजही त्याच गाडीत येतात. दुकानासमोर इंजिन चालू ठेवून खाली उतरतात. सारी सडक पाहते, आणि हे कोणाचं काम आहे ते मी न विचारता सांगतो.

क्रँक आता मीच टांगतो, मीच ठोकतो. आवाज लांबतो, विरतो, आणि मी डोळे मिटून तसाच उभा राहतो. गिऱ्हाइकाला वाटतं, म्हातारा अजून क्रँकच ऐकून राहिला.

“क्या हुआ चाचा? ठीक है ना?”

मग डोळे उघडून मीच म्हणतो, “हव.”