कबरीला वीस पुरणपोळ्या

गायीला चार पोटं असतात, एवढंच जीवशास्त्र मला येतं. आणि एखादी गाय मारायला ते पुरेसं आहे.

त्या वर्षी समता कॉलनीतल्या आमच्या घरी महालक्ष्म्या बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी भिलाईहून जेवायला निघालेल्या मंडळींची गाडी वाटेतच बंद पडली आणि त्यांच्या वाट्याच्या पुरणपोळ्या नि पातेलंभर भात आमच्या गळ्यात पडला. महालक्ष्मीचं अन्न आमच्याकडे टाकत नाहीत. (फ्रीजमध्येही ठेवत नाहीत. माझ्या पोटात ठेवतात.) पण पाच पोळ्यांनंतर मीही हात टेकले.

"जा, दीदीच्या कबरीले देऊन या," माझी बायको सुनंदा म्हणाली. "नैवेद्याची पोळी तिले द्यायचीच आहे."

मागच्या गल्लीत यादव दीदींचा गोठा. कबरी ही त्यांची एकुलती एक गाय. दीदी दूध घालायला गेल्या होत्या. मी एकटा, हातात डबा, आणि समोर आशेने बघणारी कबरी. मी मनात त्रैराशिक मांडलं. एका पोटाच्या माणसाला पाच पोळ्या, तर चार पोटांच्या गायीला किती? वीस! डब्यात निघाल्याही बरोबर वीस. हा मी देवीचा कौल समजलो. वर सगळा भात. कबरीने डबासुद्धा चाटून काढला, आणि मी पुण्य पदरात पाडून घरी आलो.

सकाळी दीदी दारात!

"भैया, मोर कबरी ला का खवा दे हव? उठत नइ हे!"

कबरी उठत नव्हती, आणि तिला काय खाऊ घातलं होतं ते मलाच माहीत होतं. धावत गेलो. कबरी आडवी, डावी कूस टम्म फुगलेली, डोळे अर्धे मिटलेले. दीदी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या आणि रडायला लागल्या. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर फार बरं वाटलं असतं.

गुरांच्या डॉक्टर मॅडम आल्या. कुशीला कान लावून त्यांनी विचारलं, "क्या खिलाया?"

"प्रसाद."

"कितना?"

"थोडासा..."

"थोडासा?" सुनंदा कडाडली. "डबा धुतल्यासारखा आणला ना तुम्ही!"

मग मॅडमनी माझी शाळा घेतली. गाय चारा नीट न चावताच गिळते. तो आधी पहिल्या पोटात जातो. ते पोट म्हणजे मोठा हौद. तिथे जंतू गवत आंबवतात. निवांत बसली की गाय तेच पुन्हा तोंडात आणून चावते, परत गिळते, आणि बारीक झालेलं पुढच्या पोटांत सरकतं. आपल्यासारखं पोट ते चौथं. म्हणजे माझ्या वीस पोळ्या चार ठिकाणी वाटल्या गेल्याच नव्हत्या! सगळ्या पहिल्याच हौदात, गुळासकट, भातासकट, रात्रभर आंबत पडल्या होत्या.

मॅडमनी नळीने सोड्याचं पाणी पाजलं, सुई टोचली. "जुगाली शुरू हो गई, तो समझो बच गई."

"आणि नाही झाली तर?" मी विचारलं. मॅडम नळी धूत राहिल्या.

सुनंदाने तिथेच जाहीर केलं, "ऐकून घ्या! कबरीनं रवंथ केल्याबिगर महालक्ष्म्या जागच्या हलणार नाहीत. गाय मारून त्यायले कोणत्या तोंडानं निरोप देऊ मी?"

झालं! विसर्जनाचा मुहूर्त आता एका गायीच्या जबड्यावर येऊन ठेपला. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाच्या साड्यांतच गोठ्यात जमल्या. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या. सगळे कबरीच्या तोंडाकडे टक लावून बसले. दुपार कलायला लागली, तोंड काही हलेना. मला राहवेना. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि नुसताच जबडा डावीकडून उजवीकडे फिरवून दाखवू लागलो. (धीर म्हणून!)

"पापा, प्लीज बंद करो," माझी मुलगी दातओठ खात म्हणाली. "वो डर रही है!"

तेवढ्यात कबरीने ढेकर दिला. थेट माझ्या तोंडावर! आंबलेल्या पुरणाचा तो वास मी जन्मात विसरणार नाही. पाठोपाठ तिच्या गळ्यातून एक गोळा वर सरकताना दिसला, आणि जबडा हलला. एकदा. परत एकदा. मग सावकाश हलतच राहिला.

"चबावत हे! मोर कबरी चबावत हे!" दीदी ओरडल्या. मी खुशाल रडलो. सुनंदा तशीच घरी पळाली, महालक्ष्म्यांना निरोप द्यायला.

पुढच्या वर्षी नैवेद्य घेऊन माझी मुलगी गेली. कबरीला गवताच्या पेंढीबरोबर एकच पोळी, तीही दीदींच्या देखरेखीखाली. मी हात धुऊन, तुपाची वाटी जवळ ओढून पाटावर बसलो. सुनंदाने माझ्या ताटात पोळीचा एक लहानसा तुकडा वाढला आणि डबा बंद केला.

"हे काय?"

"त्रैराशिक," ती म्हणाली. "चार पोटांच्या गाईले एक पोळी, तर एका पोटाच्या माणसाले पाव!"