लाल ससा खाली थांबलाय

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबला एका जुन्या ट्रॅक्टरचा सौदा करत होतो. समोरचा अडून बसला होता, मी त्याच्याहून जास्त अडलो होतो, आणि टॉवेलाखाली त्याची बोटं माझ्या मुठीत होती. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा; भोवतीच्या दहा जणांना पत्ता लागत नाही. मी त्याच बाजारात दलाली करत वर आलो. आता बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, पण टॉवेल राहिला. या धंद्यात एकच गोष्ट शिकायची असते, ज्यानं आधी हात सोडला तो गेला. फोनवर ओतूरहून दत्ताचा मेहुणा बोलत होता. "भाऊ, दाजी गेले. सकाळी दुकान उघडलं, खुर्चीत बसले आन्..." मी हात सोडला नाही. सौदा पुरा केला आणि मगच गाडी काढली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण झालं ते असं.

कळंब ते ओतूर सगळ्या रस्त्यात मी रडलो नाही. मी चिडलो होतो. आता मला उत्तर कोण देणार, हेच डोक्यात होतं.

प्रश्न कुठला ते सांगतो. हसू आलं तर हसा. तीस वर्षांपूर्वी दत्तानं मला बाजाराच्या दिवशी, पंचवीस-तीस माणसांच्या देखत खड्ड्यात टाकलं. खड्डा टीव्हीच्या पडद्यावरचा होता आणि पडलेला मी म्हणजे एक निळ्या बनियनचा ससा होता. पण अपमान अस्सल होता, आणि तो मी चांगल्या बियाण्यासारखा जपून ठेवला. त्यानं मुद्दाम टाकलं का? त्याच्या तोंडून एवढंच मला ऐकायचं होतं.

दत्ता आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. मला माणूस बघून त्याच्या खिशाचा अंदाज यायचा, आणि त्याला कुठलंही बंद पडलेलं यंत्र नुसतं कानाला लावून कळायचं. त्यानं एसटी स्टँडसमोर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. एकदा तो पुण्याहून कुणीतरी भंगारात काढलेला टीव्ही गेम घेऊन आला. राखाडी खोकं, दोन रिमोट, आणि लेबल फाटलेली एकच कॅसेट. दोन दिवस त्यानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मला हाका मारत तो रस्त्यापर्यंत पळत आला, हातात सोल्डरिंगची बंदूक तशीच. "बाळ्या, चालू झालं! पण एकट्यानं खेळायचं काम न्हाई हे. दोघं लागत्यात!"

रविवारी सकाळी टीव्हीवर एक कार्टून लागायचं, त्यातलेच हे दोन ससे. एक लाल बनियनचा, एक निळ्या. कोल्ह्यानं गाजरांची अख्खी गाडी पळवलेली असते आणि हे दोघे त्याच्या मागे. विहिरी, पवनचक्क्या, रेल्वेचे रूळ, मधमाश्यांचं जंगल, अशा आठ स्टेज. दत्तानं पहिल्याच दिवशी लाल घेतला, मला निळा दिला. मी त्यावरही घासाघीस केली. निळा ससा पळायला जड आहे असं माझं म्हणणं होतं, दोन्ही अगदी सारखे आहेत असं त्याचं. हा वाद तीन दिवस चालला, आणि तिसऱ्या दिवशी मी मान्य केलं, फक्त बसायला चांगली खुर्ची मला मिळणार या अटीवर.

काय दिवस होते ते! पडदा दोघे बरोबर चालले तरच पुढं सरकायचा. एक मागं राहिला की दुसऱ्याला थांबावं लागायचं, आणि थांबणं माझ्या रक्तात नव्हतं.

"बाळ्या, मागं ये की राव, स्क्रीन सरकत न्हाई!"

"मी कशाला मागं येऊ? तू पुढं ये."

"आन् गाजरं सगळी तूच खातोयस व्हय? माझं लाईफ एकच राहिलंय!"

"ज्याला आधी दिसलं त्याचं गाजर."

मागं उभी असलेली गर्दी खो खो हसायची. जीपचे ड्रायव्हर प्रवासी सोडून यायचे. कॉलेजची पोरं नंबर लावून बसायची. डोंगरातून तांदूळ विकायला येणारे एक बाबा पोतं दाराशी टेकवून तासन् तास बघत. या खेळात एक ससा दुसऱ्याला डोक्यावर उचलून फेकू शकायचा, ते बाबांना फार आवडायचं. दर पाच मिनिटांनी ते ओरडत, "आरं उचल त्येला! उचल आन् दे फेकून!" त्यांची एसटी दोनदा चुकली, तरी तिसऱ्यांदा आलेच.

एक अडचण मोठी होती. खेळ मधे थांबवून ठेवायची सोय त्या खोक्यात नव्हती. बंद झाला की पुन्हा पहिल्या स्टेजपासून. आणि ओतूरची लाईट बाराला जायची, मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. म्हणजे सकाळी शटर उघडल्यापासून बाराच्या आत आठही स्टेज! आम्ही पाचव्यापर्यंत जायचो, कधी सहाव्या, आणि चटकन पडदा काळा. मग सगळी गर्दी एका सुरात वीजवाल्यांचा उद्धार करायची.

त्या बाजाराच्या दिवशी मात्र आमचा हात असा काही बसला, की मधमाश्या आम्ही एकही लाईफ न घालवता पार केल्या. सातवी स्टेज संपली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बाराला वीस कमी. दुकानात श्वास घ्यायला जागा नाही. कुणीतरी चहाचा ग्लास माझ्या तोंडाला लावला, मी रिमोट न सोडता प्यालो. आठव्या स्टेजला एक भिंत आली, उंच, सरळ, पडद्याच्या वर गेलेली. तिच्या पायथ्याशी खड्डा. कुठल्याही उडीनं ती पार होईना. बाराला सात कमी. दत्ताच्या लाल सशानं माझ्या सशाला डोक्यावर उचललं.

"बाळ्या, हात सोड," दत्ता म्हणाला. "आता काय दाबू नको. रिमोट खाली ठेव."

आणि त्यानं मला फेकलं. निळा ससा वर गेला, पडद्याच्या बाहेर, दिसेनासा. मग खाली आला तो थेट खड्ड्यात. माझं शेवटचं लाईफ होतं. त्या बाबांनीच सुरुवात केली, "पाडला! दोस्तानंच पाडला की त्येला!" सगळं दुकान हसायला लागलं. मी रिमोट भिरकावला. वायरीसकट खोकं टेबलावरून खाली आलं आणि त्याचा कोपरा फुटला. दत्ता काहीतरी म्हणत होता, "आरं, तू हात न्हाई सोडला..." पण मी तोवर रस्त्यावर होतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं कोपरा एम-सीलनं जोडला. मी पुन्हा खेळायला गेलो नाही. मैत्री तुटली असं नाही. ओतूरच्या बाजाराला गेलो की त्याच्याकडे चहा ठरलेला. पण प्रत्येक चहाबरोबर मी ते काढायचोच. माझ्या ट्रॅक्टरच्या शोरूमच्या उद्घाटनाला भरल्या माणसांत मी त्याची ओळख करून दिली, "हा माझा जिवाचा मित्र, खड्ड्यात टाकणारा." लेकीच्या लग्नात व्याह्यांनाही तेच सांगितलं. तो हसायचा आणि म्हणायचा, "ये एकदा. पुन्हा खेळू, दाखवतो तुला." मी म्हणायचो, "आधी चूक कबूल कर, मग येतो." शिवाय तो गेमचा सेटच मी मागून बघितला. नवा इन्व्हर्टर देऊ केला, मोठा टीव्ही देऊ केला. पुढं पुढं तर एक चालू स्थितीतला पॉवर टिलर! नको म्हणाला. मी आयुष्यात पाहिजे ती वस्तू पाहिजे त्या भावात उचलली, आणि या माणसापुढं हात हलवत परत आलो. याचा राग वेगळा.

शेवटचं भेटलो ते तो जायच्या महिनाभर आधी. त्यानं चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "बाळ्या, आपली आठवी स्टेज राहिलीय बघ." मी म्हणालो, "माझी अट तुला माहितीय." तो म्हणाला, "तुझा भाव काय उतरत न्हाई गड्या," आणि समोरच्या मिक्सरचा स्क्रू पिळायला लागला. त्यानं तीस वर्षांत माझ्यापुढं एकही अट ठेवली नव्हती. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

तो गेल्यावर पाचेक आठवड्यांनी शोभावहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला. "भाऊजी, त्यो सेट न्यायला या." मी हातातलं काम टाकून निघालो. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला होता. मला वाटलं होतं, माळ्यावर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी मिळेल. दुकानामागच्या त्यांच्या खोलीत गेलो तर टीव्हीसमोर सतरंजी घातलेली, खोकं पुसून लख्ख, एम-सीलचा कोपरा माझ्याकडे तोंड करून, आणि दोन्ही रिमोट शेजारी शेजारी ठेवलेले.

"न्या की," वहिनी म्हणाल्या. "पण आधी आठवी स्टेज खेळायची, मग."

"वहिनी, तुम्हाला खेळता येतं?"

"वीस वर्षं झाली भाऊजी. जेवण झालं की रोज एक डाव. भांडाण झालं आसलं तरी डाव चुकला न्हाई. मी निळा, ते लाल." त्यांनी लाल सशाचा रिमोट उचलला, पदर खोचला आणि मांडी घालून बसल्या. "बसा. आन् गाजरं वाटून खायची. तुमची खोड ठाव हाय मला."

आणि काय सांगू, ती बाई काय खेळते! विहिरीची स्टेज आम्ही जेवढ्या वेळात करायचो त्याच्या निम्म्यात. माझी बोटं गंजलेली, मी धडपडतोय, ओरडतोय, त्या मला उचलून उचलून पुढं फेकतायत. "हाणा! आता उडी! आवं, मधमाशी मागनं आली!" माझ्या शर्टाला घाम, समोरचा चहा गार. चार तासांनी आम्ही त्या भिंतीपाशी उभे. माझी लाईफ तीन.

लाल सशानं मला उचललं. "हात सोडा भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

मी वर गेलो. आणि खड्ड्यात. एक लाईफ गेलं.

"काय दाबलं तुमी?"

"काही नाही."

"दाबलं. मी बघितलं. आंगठा बघा तुमचा."

मी अंगठ्याकडे पाहिलं. तो बटणावर होता. मला खरोखर कळलं नव्हतं. दुसऱ्यांदाही तेच, हवेत गेल्याबरोबर अंगठा आपणहून दाबला गेला आणि ससा पुन्हा खाली. वहिनी आता चिडल्या. "आवं, वर वटा हाय! दिसत न्हाई एवढंच. हवेत आसताना तुमी बटण दाबलं की त्यो उलटा फिरतो आन् खाली पडतो. सोडून द्या म्हणजी आपसूक जातो. ह्यांनी दोन्ही रिमोट एकट्यानं धरून आठ रात्री जागून हुडकून काढलं व्हतं ते, तुमच्यासाठी. बाजाराच्या दिवशी सगळ्यांफुडं तुमाला वर चढवायचं व्हतं त्यांना."

"मग आधी सांगायचं होतं!"

"सांगितलं आसतं तर तुमी त्याचा पण भाव केला आसता."

शेवटचं लाईफ. मी रिमोट सतरंजीवर ठेवला. दोन्ही हात मांड्यांवर घट्ट दाबून धरले. एवढं अवघड काम मी कुठल्याच बाजारात केलेलं नाही. लाल सशानं फेकलं, निळा ससा वर गेला, दिसेनासा झाला... आणि मग सगळा पडदाच त्याच्या मागोमाग वर सरकला. वर ओटा होता. ओट्यावर दोराचं एक भलं मोठं वेटोळं होतं. मी ओरडलो! साठीकडे आलेला माणूस, सतरंजीवर गुडघ्यांवर उभा राहून ओरडलो. शेजारचा गिरणीवाला बघायला आला.

"आता दोर सोडा," वहिनी म्हणाल्या. "खालच्याला एकट्याला चढता येत न्हाई. वर गेलेल्यानं दोर सोडल्याबिगर त्याला वाटच न्हाई."

मी रिमोट उचलला आणि खाली पाहिलं. पडद्याच्या तळाशी लाल ससा उभा होता, इवलासा. कार्टूनमधले प्राणी थांबवून ठेवले की करतात तसं तो मान वर करून एक पाय आपटत होता. माझी वाट बघत.

आम्ही कोल्ह्याला हरवलं, हे सांगायलाच हवं. गाजरांची गाडी परत आली, दोघे ससे तिच्यावर बसून नाचले, वहिनींनी टाळ्या वाजवल्या. सेट मी आणला नाही. त्यांनी पिशवी पुढं केली तेव्हा मी म्हणालो, तो इथंच राहू द्या, मी येत जाईन.

आता मी बाजाराच्या दिवशी जातो. जेवून जातो, कारण चार तास लागतात. भिंत आली की रिमोट खाली ठेवायला अजून मला जड जातं, पण ठेवतो. वर पोचल्यावर मी दोर लगेच सोडत नाही. पहिल्यांदा वहिनी ओरडल्या, आता ओरडत नाहीत. त्याही आपला रिमोट खाली ठेवतात आणि चहा टाकायला उठतात. आतून स्टोव्हचा आवाज येत राहतो, फुटका कोपरा माझ्या गुडघ्याशी असतो. चहा येईपर्यंत तो खाली उभा असतो, वर बघत, पाय आपटत.