साहेबांच्या सहीचा रकाना

माणसांच्या बदल्या झाल्या, मशीन बदललं, पण आमच्या सेंटरमधले किस्से काही जागचे हलले नाहीत. चहाला चौघं जमलो की कुणीतरी म्हणतंच, "ते अण्णाप्पांचं सांग की!"

दोन हजार सालानंतरची गोष्ट. उचगावच्या बाजूला आमचं कॉम्प्युटर सेंटर. गावोगावच्या दूध संकलनाच्या नोंदी एका मेनफ्रेमवर, म्हणजे सगळ्यांच्या मिळून एकाच मोठ्या मशीनवर; ते चालवणारी प्रणाली लिनक्स. अण्णाप्पा जुने ऑपरेटर, निपाणीकडचे. रोज सकाळी डिस्कचे आकडे वहीत हातानं उतरवायचे. किती वाचलं, किती लिहिलं, किती काम रांगेत थांबलं. शेवटचा रकाना साहेबांच्या सहीचा, आणि तो कायम कोरा!

"कशाला आखता हो?" मी विचारलं.

"कधीतरी बघतील की," म्हणाले.

*

मी नवी होते तेव्हा आकड्यांची पहिली ओळ वाचून खूश झाले. "डिस्क निवांत हाय!"

अण्णाप्पा हसले. "अगं पोरी, ती ओळ म्हंजे मशीन चालू झाल्यापासनंची सरासरी. त्यात त्याची झोप पण धरलीया. दुसरी ओळ बघ, ती आत्ताची."

बघितली, तर रांगेत कामं तुंबलेली!

*

एकदा हिशेब अडकला म्हणून राधानगरीकडच्या दूध सोसायटीचे सेक्रेटरी थेट मशीनरूमच्या दारात! "पावणं, कुठली डिस्क बसलीया दावा, मी हलवतो!"

अण्णाप्पांनी त्यांना चहा पाजला आणि रांगेचा आकडा दाखवला.

"म्हंजे हितं पण आमच्या डेरीगत रांग हाय व्हय!" सेक्रेटरी समाधानानं परत गेले.

*

मग नवे साहेब आले. ते आल्यापासून सकाळचे दहा वाजले की मशीन रांगायला लागायचं. साहेबांनीही पहिलीच ओळ वाचली. "डिस्क उत्तम आहे. माणूस संथ आहे."

अण्णाप्पांच्या हातात लांब गारगोटीला बदलीचं पत्र पडलं. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, दोन वेळा भरवायला हेच. त्या दिवशी त्यांनी डबा न उघडता परत नेला. मला साहेबांचा राग आला, आणि तोंड न उघडल्याबद्दल स्वतःचा त्याहून जास्त.

*

दुसऱ्या दिवशी अण्णाप्पा साहेबांना म्हणाले, "जातो गारगोटीला. पण आज दहाला एकदा माझ्याशेजारी बसा."

साहेब बसले. जुनी सरासरी मधे यायला नको म्हणून अण्णाप्पांनी आकडे शून्यावर आणले आणि दहा मिनिटं नुसती वाट बघितली. रांग वाढतच होती. मग डिस्कवर सगळ्यात जास्त कोण लिहितंय ते शोधलं. मीही मागं उभी होते.

साहेबांचाच प्रोग्राम! मशीनवर लक्ष ठेवायला त्यांनी स्वतः लावलेला. रोज दहाला सुरू होऊन दर सेकंदाला सगळ्या डिस्कचे आकडे गोळा करायचा आणि त्याच डिस्कवर लिहीत बसायचा.

अण्णाप्पा हळूच म्हणाले, "बंद करू, का तुम्ही करताय?"

साहेबांनी स्वतः बंद केला. मशीन पळायला लागलं. 

"ते पत्र द्या इकडे," साहेब म्हणाले. "आणि वही."

पत्र त्यांनी खिशात घातलं. वहीत आजच्या पानावर सही केली. मग मागचं पान उलटलं. मग त्याच्या मागचं.

"साहेब, ती जुनी हायती की," अण्णाप्पा म्हणाले.

साहेब सह्या करतच राहिले.