उलटी धार

पातेकाकांना चिडायला कारण लागायचं नाही. त्या आठवड्यात मात्र कारण होतं, आणि ते चांगलं चार बोटं लांब होतं.

काका कारखान्यातले जुने फिटर. घरी बसायची वेळ आली तेव्हा मागच्या खोलीत खिडकीखाली मेज टाकलं आणि लोकांचे गंजलेले खिशातले चाकू दुरुस्त करायला लागले. म्हणून पातेकाका. कुणाच्या आजोबांचा चाकू असायचा, कुणाला भंगारात सापडलेला. काका तो दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवत, दातांच्या जुन्या ब्रशनं खाचेतला मळ काढत, पात्यावर बारीक पॉलिशपेपर फिरवत, सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडत. पातं टक करून उघडलं की तेवढ्यापुरता चेहरा सैल व्हायचा. त्यांची अट एकच, चाकू रोज वापरायचा. शोभेला ठेवायचा असेल तर गंजलेलाच काय वाईट, असं ते तोंडावर सांगायचे.

या वेळचा चाकू थोरल्या बहिणीचा, म्हणजे आक्काचा. मूळ वडिलांचा, कलमं करायचा. वडील माळीकाम करायचे. काका रांगत होते तेव्हाच आक्का सासरी गेली, आणि काका धड चालायला लागायच्या आत वडीलही गेले. चाकू आक्काकडे राहिला. तिनं जन्मभर त्याच चाकूनं कलमं केली, आणि दोन वर्षांमागं तो हरवला. परवा एक कुंडी फुटली, तर मातीतून हा गंजाचा गोळा निघाला.

आक्काला घाई होती. वडिलांनी लावलेल्या पिवळ्या गुलाबाचं खोड वाळवीनं पोखरलं होतं. एकच फांदी हिरवी, आणि तिच्यावर कोंब फुटायच्या जागचे मोजून सात डोळे. ते काढून दुसऱ्या झाडाच्या सालीत भरले आणि जगले, तर गुलाब राहील. नाहीतर वडिलांचं तेवढं उरलेलंही जाईल. बाजारातल्या नव्या चाकूनं तिचं कधी जमलंच नव्हतं.

काकांनी जीव ओतला. गंज उतरला, आतलं पोलाद अजून ठणठणीत होतं. खोट एकच दिसली. कलमाच्या चाकूची एक बाजू सपाट असते आणि दुसरीला धारेचा उतार असतो. इथं उतार भलत्याच बाजूला होता. कुण्या अडाण्यानं उलटी धार लावलीय, असं बायकोला ऐकवत काकांनी दीड दिवस घासून घासून ती सुलटी केली.

आक्का चाकू घेऊन गेली आणि तिसऱ्या दिवशी परत आली. म्हणे, चाकू लाकडात आत आत शिरतोय, काप सपाट येत नाही, दोन डोळे वाया गेले. काकांनी तिच्यासमोर काटकी सोलून दाखवली. कागदासारखी पापडी निघाली. तरी पुन्हा दगडावर धरला, पुन्हा दिला. ती परत आली. आणखी दोन डोळे गेले होते. आता तीन राहिले.

काकांनी मनगटावरचे केस उडवून दाखवले. आणखी काय करायचं माणसानं?

"माझे हातच गेले वाटतं," आक्का हळूच म्हणाली.

काकांनी गप्प बसायला हवं होतं. पण जीभ चाकूपेक्षा आधी उघडायची. "वय झालं की जातातच, आक्का. चाकूला कशाला बोल लावतेस? नाचता येईना, अंगण वाकडं."

काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. आक्कानं पिशवी उचलली आणि चहा न घेताच निघून गेली. चाकू मेजावरच राहिला.

काकांना जेवण गेलं नाही. सकाळी ते चाकू खिशात टाकून निघाले. माफी मागायला नव्हे हं. कसं कापतात ते तिला एकदा समोर बसवून दाखवायला.

आक्का मागच्या पायरीवर बसून टाकाऊ काटक्यांवर हात बसवत होती. मुलीचा भाजीचा चाकू घेतला होता. आणि तो डाव्या हातात होता.

"हे काय, डाव्या हातानं?"

"मग कुठल्या? मास्तरांनी पेन्सिल उजव्या हातात दिली, आईनं झाडू उजव्या हातात दिला. बाबांनी चाकू दिला तेव्हा बघायला कुणी नव्हतं. तेही डावखुरेच."

काका पालथ्या बादलीवर बसले. तो अडाणी कोण, हे त्यांना आत्ता कळलं. त्यांनी खिशातला चाकू काढून पायरीवर ठेवला आणि खाली बघतच सांगितलं, की धार उलटी नव्हतीच, डाव्या हाताची होती, मीच ती सुलटी करून बसलो.

आक्कानं चाकू उचलून पात्याची बाजू बघितली. "सत्तर वर्षं सगळे मला सुलटं करायला टपलेले. तू तेवढा राहिला होतास."

काका घरून दगड घेऊन आले आणि तिथंच पायरीवर धार फिरवायला लागले. जेवढं चुकीचं घासलं होतं तेवढंच पुन्हा घासायचं. पातं रुंदीला तांदळाच्या दाण्याएवढं घटलं. वडिलांनी वापरलेलं तेवढं पोलाद काळं पाणी होऊन पायरीवरून ओघळलं, आणि काका दगडावर चिडले, उन्हावर चिडले, चष्म्यावर चिडले. शेवटी काटकी घेऊन चालवून बघितला. आत शिरला. पुसून पुन्हा बघितला. पुन्हा शिरला. डाव्या हातात धरला तर अंगठाच जायचा. चालवून बघितल्याशिवाय त्यांनी आजवर एकही चाकू हातावेगळा केला नव्हता.

"दे इकडे," आक्का म्हणाली.

तिनं डोळा काढला. नखाएवढा, सपाट, मागं लाकडाचा कण नाही. सालीत सरकवला, पट्टी गुंडाळली. दुसरा, मग तिसरा. हात जराही हलला नाही. काकांनी विचारलं, जगतील ना. ती म्हणाली, पंधरा दिवसांनी कळेल, तोवर रोज येऊन पट्टी उचकटून बघू नकोस.

काका तणतणतच घरी आले. काकूंनी विचारलं, झाला का एकदाचा चाकू नीट?

"मला काय विचारतेस," काका म्हणाले. "तिला विचार."