न उघडलेले सिनेमे

आचोळ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलची एक अख्खी भिंत सिनेमांनी भरलेली आहे. सिनेमे म्हणजे ब्लू-रे डिस्क. बहुतेक जुने, काळेपांढरे, परदेशातल्या कुठल्या कुठल्या भाषांतले. कुणीतरी गोदामात कुजत पडलेली रिळं शोधून काढायची, एकेक चौकट पुसून, डाग काढून, आवाज साफ करून सिनेमा पुन्हा पाहण्याजोगा करायचा आणि मग त्याची डिस्क विकायची, असा हा उद्योग. त्या डिस्का मी पंधरा-सोळा वर्षं जमवत होतो. आमची भिंत पाहून माझ्या धाकट्या भावाला औषधाचं दुकान आठवलं आणि राजोडीच्या वाडीत परत गेल्यावर त्याने ते सगळ्यांना सांगितलं.

मी माणिकपूरच्या एका शाळेत हेडक्लार्क होतो. कपाटही मी ऑफिससारखंच लावलं. देशाप्रमाणे खण आणि प्रत्येक डिस्कला आवक क्रमांक, पेन्सिलीने वहीत. पाहुण्यांनी हात लावलेला मला खपत नसे. बायकोच्या माहेराहून, अर्नाळ्याहून, सुके बोंबील आले की ते आधी थेट स्वयंपाकघराच्या गॅलरीत जायचे, हॉलमध्ये पिशवी टेकवायची नाही. आणि सगळ्यांत कडक नियम म्हणजे डिस्कवरचं प्लास्टिक फाडायचं नाही.

हे सुरुवातीला असं नव्हतं. पहिल्या दहा-बारा डिस्का आम्ही दोघांनी रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर पाहिल्या. मुलगी आत झोपलेली असायची. बायको कोळ्यांच्या घरातली, दहावीपर्यंत शिकलेली. इंग्रजी वाचायची, पण पडद्याखालची ओळ पूर्ण होण्याआधी पुढची ओळ यायची. म्हणून मी मोठ्याने मराठीत सांगायचो. सांगायचो म्हणजे काय, आटपायचो. पडद्यावरचा म्हातारा मिनिटभर बोलायचा आणि मी म्हणायचो, "तो म्हणतोय, जाऊ नकोस."

"एवरा बोलला तो, आन तुमी एवरंच सांगता?" ती वालाच्या शेंगा सोलता सोलता विचारायची.

"तेवढंच महत्त्वाचं आहे."

"म्हत्त्वाचं काय ते मी ठरवीन. तुमी समदं सांगा."

मी सगळं कधीच सांगितलं नाही. मला सिनेमा पाहायचा असायचा. पुढे डिस्का येण्याचा वेग वाढला आणि पाहण्याचा कमी झाला. चांगल्या सिनेमाला चांगला टीव्ही हवा, मग टीव्ही घेतला. मग दुपारचा उजेड नको म्हणून जाड पडदे हवे होते. ते शिवून आले तर शेजारच्या इमारतीचं काम निघालं आणि धूळ यायला लागली. प्लास्टिकमधली डिस्क बंद असेपर्यंत नवी असते, एकदा उघडली की जुनी, हे तेव्हाच डोक्यात बसलं. जगात सगळीकडे जमवणारे लोक असंच करतात, हे मी तिला समजावून सांगितलं होतं.

"मंग बगनार कवा?"

"रिटायर झालो की. रोज एक. दोघं मिळून."

"आन आत काय हाय ते तुमाला तरी ठावं हाय का?"

यावर मी तिला पाठीमागे छापलेली कथा वाचून दाखवली होती. ती हसली आणि कामावर गेली. ती वसई पूर्वेच्या एका गाळ्यात पॅकिंगला होती. साबणांच्या भेटपेट्या, डायऱ्या असलं काहीबाही यायचं, त्यावर प्लास्टिकचं आवरण चढवायचं. वस्तू पिशवीत घालायची, कड यंत्राने चिकटवायची, गरम हवा सोडायची, की प्लास्टिक आक्रसून घट्ट बसतं. सकाळची पाळी असायची. साडेतीनला ती घरी आणि मी साडेसहाला.

ती गेली त्याला आता चौदा महिने झाले. मंगळवारी दुपारी छातीत दुखायला लागलं, शेजारणीने रिक्षाने हॉस्पिटलात नेलं, मी शाळेतून तिथे पोचलो. बोलत होती. मुलगी पुण्याहून आली तेव्हाही बोलत होती. चौथ्या दिवशी गेली.

त्यानंतरचं मला फारसं सांगता येत नाही, कारण मला काही वाटलंच नाही. रडू येईल म्हणून मी दहाव्यापर्यंत वाट पाहिली, मग तेराव्यापर्यंत, मग सोडून दिलं. शाळेत जात होतो, दाखल्यांवर शिक्के मारत होतो. पाच महिन्यांनी रिटायर झालो. शाल, नारळ, दोन भाषणं. घरी येऊन नारळ फ्रिजमध्ये ठेवला, तो तिथेच वाळला. रोज एक सिनेमा लावायचा होता, पण टीव्हीवर झाकलेलं कापडसुद्धा काढलं नाही. खिडकीशी बसून समोरच्या इमारतीत कोण कधी कपडे वाळत घालतं हे मात्र मला पाठ झालं.

मुलगी म्हणाली, "बाबा, पुण्याला या. ते कपाट विकून टाका, इकडे एवढी जागा नाही."

मी म्हटलं, "विकतो." तिला वाटलं होतं मी भांडेन. मी भांडलो नाही म्हणून ती फोनवर रडली आणि मी फोन कानाला लावून बसून राहिलो. त्या भिंतीत आमची दोघांची पुढची सगळी वर्षं लावून ठेवलेली होती, हे मला कळत होतं. ती भिंत गेली की आचोळ्यात माझं काही उरणार नव्हतं. कळत होतं, पण टोचत नव्हतं.

जमवणाऱ्या लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे. तिथे मी लिहिलं: 'संग्रह विकणे आहे. पहिल्या दहा-बारा डिस्का सोडून सर्व सीलबंद. एकच मालक.' आठवड्याभरात ठाण्याहून एक गृहस्थ येतो म्हणाले.

रविवारी अकराच्या सुमारास ते आले. चाळिशीचे, चष्मा, हातात रिकाम्या पिशव्या. आल्या आल्या म्हणाले, "काका, आधी हात धुऊन घेतो." डिस्कला हात लावण्याआधी हात धुणारा माणूस मला आवडला. मी चहा टाकला. बाहेर आलो तेव्हा ते कपाटापुढे मांडी घालून बसले होते, मांडीवर पाचसहा डिस्का, आणि एक डिस्क खिडकीच्या उजेडात तिरकी धरलेली.

"काका, राग मानू नका. तुम्ही सीलबंद लिहिलं होतं."

"आहेतच."

"हे कंपनीचं आवरण नाहीये. नंतर चढवलंय."

मी हेडक्लार्क. तीस वर्षांत माझ्या नोंदीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही मला खोटा म्हणताय का?"

"नाही हो. बघा ना तुम्हीच." त्यांनी दोन डिस्का माझ्यासमोर धरल्या. एकीचं प्लास्टिक वरखाली पाकिटासारखं दुमडलेलं होतं, ते कंपनीचं. दुसरीला बाजूने बारीक शिवणीसारखी कड होती. "आणि हा गोल स्टिकर. कंपनी तो प्लास्टिकच्या वर लावते. इथे तो आत आहे, डबीवर. म्हणजे कुणीतरी तो सोडवून डबीला चिकटवला आणि वरून नवं प्लास्टिक चढवलं." मग त्यांनी त्या कडेवरून अंगठा फिरवला. "काम मात्र एक नंबर आहे. कुठे सुरकुती नाही, कोपऱ्याला भोक नाही. ज्यांनी केलंय त्यांचा हात बसलेला आहे."

मी खुर्चीवर बसलो. सोळा वर्षं डिस्का मी नाव छापलेल्या अरुंद कडेकडूनच पाहिल्या होत्या. आल्या, वहीत चढवल्या, खणात सरकवल्या. हातात घेऊन पुढची बाजू किती वेळा पाहिली असेल?

ते गृहस्थ एकेक काढून पाहत राहिले. मधेच म्हणाले, "हिला आवरणच नाहीये." डबी उघडली. "आणि आत डिस्कपण नाही."

मी म्हटलं, "आज राहू द्या."

"जे कंपनीचे आहेत ते तरी..."

"आज राहू द्या," मी पुन्हा म्हटलं. जाताना त्यांनी सगळं जिथल्या तिथे लावलं आणि चपला घालताना विचारलं, "घरातच कुणी केलंय का?" मी मान डोलावली. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. भला माणूस.

ते गेल्यावर मी वही काढली. जेवलो नाही. एकेक डिस्क खिडकीशी नेऊन कड पाहायची आणि आवक क्रमांकासमोर खूण करायची. दोन तासांत चित्र स्पष्ट झालं. एकशे एक्क्याऐंशीपर्यंतच्या सगळ्या बंद डिस्का बाजूने चिकटवलेल्या. एकशे ब्याऐंशी उघडी, रिकामी. त्याच्या पुढच्या सगळ्या कंपनीच्या, न हाताळलेल्या. तिने माझ्या वहीचा क्रम धरला होता. एकही गाळलेली नव्हती. साडेतीन ते साडेसहा, इंग्रजी ओळ पुरी होईपर्यंत थांबवत थांबवत, एकेक सिनेमा किती दिवस चालला असेल कुणास ठाऊक. मग डबी पिशवीतून गाळ्यात, दुसऱ्या दिवशी परत खणात.

मी काही डब्या फोडल्या. चिठ्ठी शोधत होतो, खोटं कशाला बोला. चिठ्ठी नव्हती. चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांतली ती नव्हतीच. एका पुस्तिकेच्या पानावर हळदीचं बोट उमटलं होतं, बस.

मला राग आला. चौदा महिन्यांत मला पहिल्यांदा काही वाटलं आणि तो राग होता, तिच्यावर. दोघं मिळून बघायचं ठरलं होतं. तिने सगळं बघून टाकलं आणि मला वाट बघत ठेवलं. मी हातातली डबी भिंतीवर फेकली. ती सोफ्याच्या मागे पडली. मग सोफा सरकवून मी ती काढली. तिला मी विचारलं होतं कधी, आज बघूया का म्हणून? तिने विचारलं होतं, कितीदा तरी. मी पडद्यांचं कारण सांगितलं, टीव्हीचं सांगितलं, धुळीचं सांगितलं. तिने माझा नियम मोडला आणि मला कळू नये म्हणून तो पुन्हा चिकटवला. माझं मन राखायला की माझ्या ओरडण्याला भिऊन, ते मला सांगता येत नाही. दोन्ही असेल.

घड्याळात साडेतीन वाजायला आले होते. मी टीव्हीवरचं कापड काढलं. प्लेअरच्या रिमोटमधले सेल फुगून गेले होते, म्हणून पंख्याच्या रिमोटमधले काढून घातले. प्लेअर सुरू केला. आत डिस्क होती. ती फिरायला लागल्याचा आवाज मी बऱ्याच दिवसांनी ऐकला.

एकशे ब्याऐंशी. पडद्यावर पाटी आली. मागच्या वेळी जिथे थांबला होतात तिथून पुढे पाहायचं, की सुरुवातीपासून? खाली आकडे होते, एक तास आठ मिनिटं. मंगळवार दुपार. एक तास आठ मिनिटांवर तिला बरं वाटेनासं झालं. तिने सिनेमा बंद केला, टीव्हीवर कापड घातलं आणि मग शेजारणीचं दार वाजवलं. शेजारीण मला म्हणाली होती, दारात आली तेव्हा घामाने चिंब होती. तशा अवस्थेत तिने टीव्ही झाकला होता, मला कळू नये म्हणून.

मी जमिनीवरच बसलो आणि रडलो. फार नाही. कुकरची वाफ जाते तेवढा वेळ.

मुलीचा फोन आला. "झाला का सौदा?"

"नाही. एक सिनेमा अर्धा राहिलाय."

"बाबा?"

"बघून होऊ दे, मग सांगतो," मी म्हटलं आणि फोन बाजूला ठेवला.

सुरुवातीपासून लावावा असं क्षणभर वाटलं. मला गोष्टीचं काहीच माहीत नव्हतं, कोण कुणाचा कोण. पण सुरुवात तिची पाहून झाली होती. राहिलं होतं ते पुढचं. मी 'तिथून पुढे' निवडलं. एका स्वयंपाकघरात एक बाई आणि एक म्हातारा बसलेले होते. म्हातारा बोलायला लागला. खाली ओळी येऊ लागल्या आणि मी त्या मोठ्याने मराठीत सांगू लागलो. म्हातारा पुष्कळ बोलत होता. ओळ हातची सुटते असं वाटलं की मी सिनेमा थांबवत होतो, पूर्ण सांगत होतो आणि मग पुढे जात होतो. एकही शब्द गाळला नाही.