न उसवणारा टाका

गुलाम रसूलचाचांनी शिवलेलं जाळं समुद्राच्या बापाच्यानंही फाटत नाही, असं मिरकरवाडा बंदरातले होड्यांचे तांडेल म्हणायचे. ट्रॉलरवर पाय मोडला आणि समुद्र सुटला, हात मात्र सुटला नाही. मग हर्षद मेकॅनिकच्या गॅरेजात कोपऱ्यात मशीन टाकून चाचा गाड्यांची सीट कव्हरं शिवू लागले. हर्षद त्यांना उस्ताद म्हणायचा. चाचांना मुलगा नव्हता, एक लेक नाझिया. त्यामुळे हर्षदवर जीव जरा जास्तच.

नाझियाचा नवरा कुवेतला. ती हातखंब्याच्या शाळेत शिकवते, रोज स्वतः गाडी चालवत जाते. डिसेंबरात उतारावर ती पुढच्या टेम्पोवर आदळली. दोन्ही एअरबॅगा उघडल्या, डावीकडचा डॅशबोर्ड फाटून बॅग बाहेर लोंबली, पण नाझियाला नुसतं खरचटलं. विमा महिनाभर आधीच संपलेला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवाल्यांनी खर्च सांगितला पावणेदोन लाख.

"लुटतायत वो चाचा," हर्षद म्हणाला. "मी साठ हजारात करतो. बॅगा नव्या टाकतो. डॅशबोर्ड तेवढा तुम्ही शिवा. तुमचा हात असताना नवा कशाला घ्यायचा?"

चाचांची छाती फुगली. असे सात डॅशबोर्ड त्यांनी आधी शिवले होते. पालीच्या दर्शनाबाई तर शिवण बघून खूश होऊन फणसपोळी देऊन गेल्या होत्या. लेकीच्या गाडीला चाचांनी जाळ्याचा नायलॉनचा दोरा काढला आणि दुहेरी टाका घातला. नात झोया हट्टानं त्याच बाजूला बसायची ना!

एप्रिलात गाडीचा एसी बिघडला. हर्षद गावी गेलेला, म्हणून बाप-लेक सर्व्हिस सेंटरला गेले. तिथला मेकॅनिक स्वरूप डॅशबोर्डवर बोट फिरवता फिरवता थांबला.

"हे कुणी शिवलं?"

"मी," चाचा म्हणाले. "ओढून बघ. मेलास तरी उसवायचं नाय."

"तेच तर चाचा." स्वरूपनं मान खाली घातली. "बॅग इथूनच फाडून बाहेर येते. त्यासाठी आतून मुद्दाम कच्ची रेघ ठेवलेली असते. फाटलेला डॅशबोर्ड कधी शिवत नाहीत, बदलतात. बॅग नवी, सीटचे पट्टे नवे, आतला कंट्रोल बॉक्स नवा. म्हणून तर एवढे पैसे लागतात."

त्यानं डॅशबोर्ड उघडला. आत बॅग नव्हतीच. निळ्या फोमचे तुकडे कोंबले होते. चाचांनी ते लगेच ओळखले. सीट कव्हरातून उरलेले, त्यांच्याच कात्रीचे.

"आणि गाडीनं ओरडू नये म्हणून वायरीला हा रेझिस्टरचा तुकडा जोडलाय," स्वरूप म्हणाला. "एअरबॅगच्या बिघाडाचा दिवाच लागत नाही मग."

नाझिया बापाकडे बघत राहिली. "अब्बा, चार महिने झोया ह्या चिंध्यांसमोर बसली?"



हर्षद परतला त्या सकाळी चाचा गॅरेजात जाऊन उभे राहिले.

"ईदला झोयाला मांडीवर घेऊन शिरखुर्मा खाल्लास. तेव्हा ठाऊक होतं तुला?"

हर्षद हातातला पाना पुसत राहिला. "हळू बोला, गिऱ्हाईक हाय. पुन्हा अपघात रोज होतो काय? आणि तुम्ही काय लहान हाव? आठ-आठ डॅशबोर्ड शिवलात. उद्या कुणी तक्रार केलीच तर टाका कुणाचा निघेल, उस्ताद?"

 इतकी वर्षं 'उस्ताद' हा शब्द चाचा फुकट मिळालेल्या मानासारखा मिरवत होते.

मशीनवर आणखी एक फाटका डॅशबोर्ड आणून ठेवला होता. चाचांनी त्याला हात लावला नाही. टाके उसवायचं पातं तेवढं उचललं, खिशात टाकलं आणि लंगडत जाऊन पालीची एसटी पकडली.

दर्शनाबाई दारातच भेटल्या. अंगणात गाडी उभी. "अगो बाय, चाचा! या, या. तुमची शिवण बघा, अजून एक टाका हलला नाय हो!"

"ठाऊक हाय, बाई," चाचा म्हणाले आणि हात पुढे केला. "किल्ली द्या. तोच उसवायला आलोय."